हाबेक पळाले नाहीत, पण त्यांनी शिकवावे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जर्मनीचे माजी उपचान्सलर (उपपंतप्रधानासारखे पद) आणि ऊर्जा व हवामान खाते सांभाळलेले मंत्री रॉबर्ट हाबेक यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये खासदारकी सोडली आणि कोपनहेगनच्या एका संशोधन संस्थेची वाट धरली. अमेरिकेत बर्कली विद्यापीठातही शिकवणार असल्याचे त्यांनी तेव्हा सांगितले. त्यावर आपल्याकडे जे चार शब्द छापून आले, त्यांचा सूर ‘हरले आणि पळाले’ असाच होता. तो मला पटत नाही.

हाबेक मुळात पुस्तकी माणूस. हॅम्बुर्गमधून साहित्यशास्त्रात डॉक्टरेट, पत्नीबरोबर लिहिलेल्या कादंबऱ्या, डॅनिश भाषा अस्खलित. राजकारणात ते तिशी उलटल्यावर आले. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत त्यांचा ग्रीन पक्ष ११.६ टक्क्यांवर घसरल्यावर मागच्या बाकावर चार वर्षे बसून भत्ते घेण्यापेक्षा हे बरे. आपल्याला तर यात नवल वाटायचे कारणच नाही. महाडजवळचे आपले चिंतामणराव देशमुख मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडून निघाले, ते विद्यापीठ अनुदान आयोगावर आणि पुढे दिल्ली विद्यापीठाच्या कुलगुरुपदी गेले. त्यांना कोणी पळपुटे म्हटले नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. वर्गात उभे राहून हाबेक सांगणार काय?

मंत्रिपदाच्या पहिल्या वर्षाची, २०२२ ची, गोष्ट सांगायला सोपी आहे. युक्रेन युद्ध सुरू होण्यापूर्वी जर्मनीच्या आयात वायूपैकी निम्म्याहून अधिक रशियाचा होता. जर्मनीतल्या रेडेनचा प्रचंड वायूसाठा गाझप्रॉम या रशियन सरकारी कंपनीच्या ताब्यात होता आणि जवळजवळ रिकामा होता. ऐन पर्यावरणवादी पक्षाचा हा मंत्री वायू मागायला कतारला गेला. तिथल्या मंत्र्यापुढे तो वाकलेला फोटो जर्मनीत घरोघर पोहोचला. साठे भरण्याची सक्ती झाली, बुडणारी युनिपर ही वायू कंपनी सरकारने ताब्यात घेतली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये विल्हेल्म्सहाफेन बंदरात द्रवरूप वायूचे पहिले टर्मिनल सुरूही झाले. परवानग्यांचे कागद वर्षानुवर्षे फिरवणाऱ्या जर्मनीत हे काम वर्षाच्या आत झाले! हिवाळा निभावला. यावर टाळ्या मिळतीलच.

खरा धडा पुढच्या वर्षाचा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये घरांच्या हीटिंगविषयीच्या कायद्याचा कच्चा मसुदा फुटला. २०२४ पासून नवी बसवली जाणारी प्रत्येक यंत्रणा किमान ६५ टक्के अपारंपरिक ऊर्जेवर चालावी, असे त्यात होते. उद्देशात खोट नव्हती. पण जुन्या घरात राहणाऱ्या निवृत्त जोडप्याचा पहिला प्रश्न साधा होता: बॉयलर बिघडला तर हीट पंपाचे (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात आणणाऱ्या यंत्राचे) पैसे कोण देणार? त्याचे उत्तर मसुद्याबरोबर तयार नव्हते. तिजोरीच्या किल्ल्या हाबेक यांच्याकडे नव्हत्याच. अर्थखाते आघाडीतल्या दुसऱ्या पक्षाचे लिंडनर यांचे, आणि दोघांचे पटत नव्हते. ७० टक्क्यांपर्यंतचे अनुदान अखेर ठरले खरे, पण तोवर ‘बिल्ड’ या खपाच्या वृत्तपत्राने ‘हीटिंगचा हातोडा’ म्हणून रान उठवले होते. खासदारांना मसुदा वाचायलाही वेळ मिळाला नाही म्हणून जुलैमध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मतदान तेव्हापुरते रोखले. पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये त्याच न्यायालयाने हवामान निधीत वळवलेले ६० अब्ज युरो बेकायदा ठरवले.

हाबेक अप्रामाणिक होते असे मला म्हणायचे नाही. उलट, स्वतःच्या धोरणातल्या अडचणी कॅमेऱ्यासमोर मोठ्याने बोलून दाखवणारा असा मंत्री विरळा. पण बोलणे चांगले आणि हिशेब अपुरा, अशी गत झाली. जुलै २०२३ मध्ये गोव्यात जी-२० च्या ऊर्जामंत्र्यांच्या बैठकीला ते आले, तेव्हा त्यांच्या घरी हेच वादळ चालू होते. कोळसा कमी करा म्हणून आपल्याला सांगणाऱ्यांना सामान्य माणसाच्या खिशाचा प्रश्न आपल्याच देशात सुटत नव्हता, हे आपल्या धोरणकर्त्यांनी जरूर पाहून ठेवावे. सौर पंप असो की ई-रिक्षा, पहिला हप्ता कोणाच्या खिशातून जाणार हे इथेही आधी सांगावे लागते.

२०२५ मध्ये चान्सलर झालेल्या मेर्त्स यांच्या आघाडीने आपल्या करारातच हा कायदा मोडीत काढण्याचे लिहून ठेवले आहे. तेव्हा त्याविषयी निवांतपणे, कोणाला न सांभाळता बोलायला हाबेक यांना आता मोकळीक आहे. जाता जाता बव्हेरियाच्या मुख्यमंत्र्यांच्या सॉसेज खाण्यावर त्यांनी मारलेला टोमणा मात्र गाजला. तो चघळून झाला असेल, तर आपल्या रविवारच्या पुरवणीत या हीटिंग कायद्यावर एखादा सविस्तर लेख यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली