सही करण्यापूर्वी नियमपुस्तिका वाचा

महोदय,

बारावीनंतर नाशिकची अनेक मुले पुण्या-बंगळुरूच्या ख्रिस्ती विद्यापीठांत प्रवेश घेतात आणि पहिल्याच सत्रात हजेरीवरून घरी फोन येऊ लागले की पालक ‘मिशनऱ्यांची शिस्त’ म्हणून बोटे मोडतात. ज्या शहरात शरणपूरची मिशन वसाहत एकोणिसाव्या शतकापासून आहे, तिथे तरी हा गैरसमज नसावा.

किमान 75 टक्के हजेरीची अट आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातही आहे. फरक असलाच तर अंमलबजावणीचा. वाङ्मयचौर्याचेही तसेच: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार प्रबंधात 10 टक्क्यांहून अधिक साम्य आढळले, तर कारवाई होऊ शकते, मग संस्था कोणत्याही धर्माची असो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 30 ने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला. त्याचबरोबर अनुच्छेद 28(3) सांगतो, की सरकारी मान्यता वा अनुदान असलेल्या संस्थेत विद्यार्थ्याच्या, आणि तो अल्पवयीन असल्यास त्याच्या पालकांच्या, संमतीशिवाय प्रार्थनेची सक्ती करता येत नाही. म्हणजे प्रार्थनेला नकार देता येतो, तासाला दांडी मारता येत नाही.

प्रवेशाच्या रांगेत हमीपत्रावर न वाचता सही ठोकायची आणि पुढे ओळखीच्या डॉक्टरांचा दाखला पुढे करायचा, ही आपली जुनी खोड. विद्यापीठांनीही नियमपुस्तिका शुल्क भरण्याआधी हाती द्यावी आणि हजेरीचा तपशील दरमहा कळवावा. परीक्षेच्या तोंडावर अपात्रांची यादी लावणे अन्यायाचे आहे.

– एक पालक, इंदिरानगर, नाशिक