शाळेचं ठरलं

म्युनिक, 4 ऑक्टोबर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे मजेत आहोत. थंडी पडायला लागलीये, पण जाड कपडे घेऊन झालेत. एवढं वाचलं की आई पुढचं शांतपणे वाचेल.

शाळेचा विषय निघाला की तुम्ही दोघंही फोनवर गप्प होता, म्हणून लिहायला बसले. दोन्ही मुलांना इथल्या सरकारी जर्मन शाळेत घातलंय. बाबा, इंटरनॅशनल शाळेची फी एका मुलामागे वर्षाला 20 हजार युरोंच्या वर, आणि अमोलची कंपनी त्यातलं काही देत नाही. इथे फी नाही. पुस्तकंही शाळाच वापरायला देते, कव्हर घालून वर्षअखेर परत करायची. सरकारी म्हटल्यावर लोक नाक मुरडतात, पण जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेल्या माणसाने तरी मुरडू नये! शिवाय प्राथमिक शाळा इथे पत्त्यावरून ठरते. म्हणून तर हे बिनबाल्कनीचं घर घेतलं.

ईशान शाळेत एकटा चालत जातो हे ऐकून आई रात्रभर जागी होती, असं मनोज म्हणाला. आई, अगं इथे तशीच रीत आहे. शाळा सुरू व्हायच्या आधी सुट्टीतच आईबापांनी तो रस्ता मुलांकडून पुन्हापुन्हा चालून घ्यायचा. कुठे थांबायचं, कुठून ओलांडायचं, सगळं. पहिलीतली पोरं पिवळी चकाकती जाकिटं घालतात. मोठ्या चौकात पिवळ्या कोटातले स्वयंसेवक हातात थांबा-फलक घेऊन उभे असतात. मुलाला गाडीने दारात सोडलं तर बाकीचे पालक आपल्याकडेच बघतात. आणि रस्ता मोकळा असला तरी लाल दिवा ओलांडायचा नाही. मी एकदा निघाले, तर पलीकडून एक आजोबा ओरडले, "पोरं बघतायत!" सुरुवातीला मी झाडाआडून ईशानच्या मागे जायचे. त्याने वळून पाहिलं आणि हाताने "घरी जा" म्हणून खुणावलं. आता जात नाही. फारशी.

सई तिसरीत आहे. चौथीच्या मे महिन्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी 2.33 किंवा त्याहून कमी आली, तर थेट गिम्नाझियम, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणारी माध्यमिक शाळा. इथे 1 म्हणजे सर्वांत चांगला, बाबा! दहाव्या वर्षी पोरांची वर्गवारी, हे मलाही पटत नाही. पण नंतरही वाट बदलता येते, आणि तिचं जर्मन माझ्यापेक्षा चांगलं आहे.

"परत आलात तर जर्मन शिकलेली मुलं कुठे बसवणार?" असं बाबांनी विचारलं होतं. तेव्हाचं तेव्हा बघू. यायचं नाही असं काही आम्ही ठरवलेलं नाही. रात्री दोघांना मराठी वाचून दाखवतेच.

गच्चीच्या गळतीसाठी पैसे पाठवलेत. पतपेढीतून काही काढू नका. आईने मोतीबिंदूचं लग्नाआधी उरकून घ्यावं, त्याचे वेगळे पाठवते.

आता मनोजच्या लग्नाचं. शाळा चालू असताना परवानगीशिवाय मुलांना घेऊन गेलं तर दंड होतो. सुट्टीच्या तोंडावर विमानतळावर पोलीसही विचारतात. नाताळची सुट्टी लागल्यावर, पौषाच्या आत एखादा मुहूर्त निघतो का, गुरुजींना विचाराल? नाहीच निघाला तर मी एकटी येईन, मुलं अमोलजवळ राहतील. मनोजला एवढ्यात सांगू नका, मीच बोलते.

तुमची,
मनीषा