पावती माझ्याकडे आहे, यंत्र कुठे आहे?

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी तुमच्या अखत्यारीतल्या एका गोदामात मला माझ्या आजोबांचं सिनेमाचं यंत्र दिसलं. अकरा वर्षांपूर्वी 'संग्रहालयात मानानं ठेवू' असं सांगून सरकारी माणसांनी ते आमच्या घरातून नेलं, रीतसर पावती दिली. आज ते गळक्या पत्र्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या ढिगात पडलंय. भिंग नाही. चाकांच्या दात्यांना गंज चढलाय. मी ओळखलं ते हँडलच्या लाकडी मुठीवरून. आजोबांच्या अंगठ्यानं तिला खळगा पडलाय. त्यात माझा अंगठा बसला आणि मला तिथंच रडू आलं.

मूकपटांच्या काळात आजोबा हे यंत्र बैलगाडीत घालून जत्रांतून तंबू ठोकत फिरत. सेकंदाला सोळाएक चित्रं सरकायला हवीत, हात ढिला पडला की पडद्यावरचा हनुमानही रेंगाळायचा. म्हणून ते 'ज्ञानबा-तुकाराम' म्हणत ठेक्यात हँडल फिरवत. फाळक्यांच्या १९१७च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके हेच राम आणि हेच सीता. तरी राम दिसला की लोक पायातल्या वहाणा काढत. त्या प्रेक्षकांनी एका कापडाच्या पडद्याचा इतका मान राखला. तुमच्या खात्याला एक ताडपत्री घालता आली नाही?

सिनेमा इथं जन्मला म्हणून तुम्ही व्यासपीठावरून छाती काढता. ७ जुलै १८९६ला मुंबईत काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली, तिकीट एक रुपया. आठवड्यात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, पुढे तिकिटं चार आण्यांवर आली. ते पाहून छायाचित्रकार सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र भाटवडेकरांनी, कॅमेरा मागवला आणि १८९९मध्ये हँगिंग गार्डनवरची कुस्ती टिपली. त्याच हॉटेलच्या इमारतीचा सज्जा २००५मध्ये कोसळून माणूस मेला, २०१९मध्ये ती रिकामी करावी लागली. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांतलं पहिलं आणि शेवटचं तेवढं उरलं. देशात तेराशेच्या वर मूकपट निघाले. जेमतेम तीस वाचले म्हणतात, तेही बरेचसे तुकड्यांत. चांदीसाठी रिळं वितळवली गेली तेव्हा कुणी अडवलं नाही, आज यंत्रं सडतात तेव्हाही कुणी अडवत नाही. पुतळ्याला पैसे मिळतात, कमानीला मिळतात, उद्घाटनाच्या मांडवाला तर हमखास मिळतात. जपणुकीची फाइल मात्र या टेबलावरून त्या टेबलावर. अकरा वर्षांत मी चौदा अर्ज केले, त्यांतल्या दोनांना उत्तर आलं, आणि दोन्हींत एकच वाक्य: 'कार्यवाही सुरू आहे.'

फाळक्यांची 'कालिया मर्दन' लागली की आजोबा घरातल्या बायकांना पुढं बसवत, असं आजी सांगायची. तिनं ते यंत्र चाळीस वर्षं नऊवारीच्या घडीत गुंडाळून ठेवलं होतं. लुगड्यात ते सुरक्षित होतं, साहेब.

भिंग शोधा, गंज काढून घ्या आणि यंत्र लोकांना दिसेल तिथं ठेवा. नाही जमत, तर परत करा; टेम्पोचं भाडं मी देतो. पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. मूळ पावती आता मी कुणाच्या हातात देणार नाही.

आपला,
एका तंबूवाल्याचा नातू