नवऱ्याचं पाकीट तांदळाच्या डब्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकात वंध्यत्व उपचार केंद्राची पानभर जाहिरात होती. गुटगुटीत बाळ, हसरी आई आणि खाली ‘हप्त्यांची सोय’. अशी जाहिरात दिसली की मला एक तांदळाचा डबा आठवतो. सातारा जिल्ह्यात एकतीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून काढली, त्यातली ही गोष्ट.

गावातली एक नवी सून अंगावरून पांढरं जातंय म्हणून आली. डॉक्टरांनी तपासलं आणि करड्या रंगाचं किट दिलं. त्यात अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम, दोन्ही एकदाच घ्यायच्या. जंतू नेमका कुठला ते बघायची तपासणी आमच्याकडे नव्हतीच. लक्षणं बघून गोनोरिया आणि क्लॅमिडिया या शरीरसंबंधातून लागणाऱ्या दोन्ही रोगांवर एकदम औषध द्यायचं, ही पद्धत. तिनं गोळ्या माझ्यासमोर घेतल्या. दुसरं पाकीट नवऱ्यासाठी दिलं. तो मुंबईला कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी घरी येणारा.

सहा महिन्यांनी ती पुन्हा आली. मग तिसऱ्यांदा. तेव्हा मी घरीच गेले. सासू बाहेर जाताच तिनं तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पाकीट काढून दाखवलं. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. म्हणाली, ‘‘बाई, यांना दिलं तर विचारतील, तुला हे कुठनं लागलं?’’

चार वर्षांनी शहरातल्या दवाखान्यातून ट्यूब टेस्टची, म्हणजे गर्भनळ्यांत औषध सोडून काढलेल्या एक्स-रेची फिल्म घेऊन आली. मी ती खिडकीच्या उजेडात धरली. औषध नळीतून पोटात सांडायला हवं होतं, पण दोन्ही बाजूंना ते टोकाशी फुगून थांबलं होतं. सून वांझ आहे, असा निकाल सासूनं तोवर लावलेला होता.

आपल्याकडे नळ्या क्षयामुळे बंद होतात, बाळंतपणात किंवा गर्भपातात जंतुसंसर्ग झाल्यानंही होतात. तिच्या नळ्या कशानं बंद झाल्या, याचा कागद कुणीच केला नाही. पण क्लॅमिडियाचं काम कसं चालतं ते वाचकांना कळायला हवं. हा जंतू पेशीच्या आत शिरून वाढतो. दहातल्या सात बायकांना काही जाणवतच नाही. त्याला हुसकायला शरीर जी फौज धाडतं, तिच्याच सुजेनं नळीच्या आतलं अस्तर खराब होतं. बीज पुढे सरकवणारी बारीक लव झडते, व्रण भरताना नळी चिकटते. जंतूच्या एचएसपी-६० नावाच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं नळ्या बंद असलेल्या बायकांत जास्त सापडतात. माणसाच्या पेशीतही जवळपास तसंच प्रथिन असतं, त्यामुळे शरीराचा नेम आपल्याच माणसावर लागत असावा, असा एक तर्क आहे. औषधानं जंतू मरतो, वण जात नाही. आणि एकदा होऊन गेलं म्हणून कायमची प्रतिकारशक्ती येत नाही. नवरा बिनऔषधाचा राहिला की पुन्हा लागण, पुन्हा सूज, जुन्या वणावर नवा वण.

आमच्या आजीला खुपऱ्या होत्या. पापणी आतून व्रणानं आखडली, केस आत वळले आणि बुबुळाला घासत राहिले. तो याच जंतूचा डोळ्याला होणारा प्रकार. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपऱ्या भारतातून हटल्याचं २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं, याचा आनंदच आहे. डोळ्याचं चारचौघांत सांगता येतं.

पोटाखालचं सांगता येत नाही, हे डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतून कधीच दाखवलं. दोन गावांतल्या साडेसहाशे बायका त्यांनी तपासल्या. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी तपासणी-उपचार झाले होते जेमतेम ८ टक्क्यांचे. ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं १९८९ साली.

त्या दिवशी फिल्म पाहून झाल्यावर मी तिच्या नवऱ्याला बाहेर ओट्यावर बोलावलं आणि पाकिटाचं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मला काय झालंय? मला तर कधीच काही त्रास नाही.’’ तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. पुष्कळ पुरुषांना खरंच काही होत नाही आणि तरी त्यांच्याकडून लागण होते.

क्लॅमिडियाची नॅट तपासणी, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, पुरुषाच्या नुसत्या लघवीवर होते. सुई नाही, भूल नाही. ती तालुक्याच्या रुग्णालयात मोफत मिळावी आणि पांढरं जाण्याची तक्रार घेऊन बाई आली की नवऱ्याचा केसपेपर त्याच दिवशी निघावा, एवढी मागणी आहे. पाकीट तिच्या हाती देऊन पाठवू नये. ते कुठं जातं, मी पाहिलंय.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. सातारा