कोल्ह्याला पिंजरा नको आणि खाऊही नको

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विक्रोळीचे कन्नमवार नगर, चेंबूर, ट्रॉम्बे, वाशी, खारघर अशा खाडीलगतच्या वस्त्यांमध्ये कोल्हे दिसल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार येत आहेत आणि त्यांवर उमटणाऱ्या प्रतिक्रिया साधारणपणे दोन प्रकारच्या असतात. काही रहिवासी वनखात्याने पिंजरे लावून हे प्राणी दूर कुठेतरी नेऊन सोडावेत अशी मागणी करतात, तर काही जण गाडी थांबवून चित्रफीत काढतात आणि कोल्हा आणखी जवळ यावा म्हणून बिस्किटे किंवा उरलेल्या बिर्याणीतील हाडे पुढे टाकतात. पहिल्या गटाला दुसरा गट निष्काळजी वाटतो आणि दुसऱ्याला पहिला क्रूर वाटतो. परंतु या दोहोंच्या वादात जो मुद्दा सर्वांत आधी बोलला जायला हवा तो बाजूलाच राहतो, म्हणून हे पत्र.

मुळात कोल्हा येथे पाहुणा नाही. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवरील खारफुटीत तो पूर्वीपासून राहतो. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलातले खेकडे, मासे, उंदीर, घुशी, पक्ष्यांची अंडी, मेलेली जनावरे आणि जी मिळतील ती फळे असा त्याचा आहार असल्यामुळे त्याला घनदाट जंगलाची गरज भासत नाही. कोल्हा काकडीला राजी, असे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. खाडीकाठच्या जुन्या गावठाणांतील वडीलधाऱ्यांना विचारले तर रात्रीची कोल्हेकुई त्यांच्या ओळखीची असते. तेव्हा कोल्हा दिसला, एवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. काळजी करायची ती वेगळ्या गोष्टीची. पूर्वी माणसाची चाहूल लागताच झुडपात शिरणारा हा प्राणी आता काही ठिकाणी रस्त्याच्या कडेला उभा राहतो, गाडीचे दिवे अंगावर पडले तरी हलत नाही आणि क्वचित स्वतःहून दोन पावले पुढे येतो.

येथे एक भेद लक्षात घ्यायला हवा. माणसांच्या सतत वावराची सवय झाल्यामुळे आपल्याकडे दुर्लक्ष करून आपल्या वाटेने जाणारा कोल्हा वेगळा आणि माणूस दिसला म्हणजे खायला मिळणार अशी अपेक्षा बाळगून जवळ येणारा कोल्हा वेगळा. पहिल्याची केवळ भीड चेपलेली असते, दुसरा सोकावलेला असतो. पहिल्यापासून दुसरा घडवण्याचे काम माणूसच करतो आणि त्यासाठी त्याला फारसे कष्ट पडत नाहीत. ठरावीक जागी काही दिवस अन्न मिळाले की पुरते.

लंडनमध्ये हे सारे आपल्या कितीतरी आधी घडले. तेथील प्राणी म्हणजे लाल कोल्हा आणि आपल्याकडचा सोनेरी कोल्हा या दोन वेगळ्या जाती आहेत, तरी माणसाशी त्यांचे जे नाते बनत गेले ते पडताळून पाहण्यासारखे आहे. १९३० च्या दशकात लंडनभोवती बागा असलेल्या घरांची उपनगरे पसरली, तसा कोल्हाही शहरात वस्तीला आला. पुढे तेथील स्थानिक प्रशासनांनी कित्येक वर्षे कोल्हे मारण्याचा उद्योग करून पाहिला. मात्र रिकाम्या झालेल्या हद्दीत लगेच दुसरे कोल्हे येतात आणि खर्च तेवढा वाढत जातो हे ध्यानात आल्यावर १९८० च्या दशकापर्यंत बहुतेक ठिकाणी तो उद्योग सोडून देण्यात आला. फेब्रुवारी २०११ मध्ये तर ‘द शार्ड’ या बांधकाम चालू असलेल्या गगनचुंबी इमारतीच्या ७२व्या मजल्यावर एक कोल्हा सापडला, जो कामगारांनी टाकलेल्या खाण्यावर तेथे जगत होता. ही बातमी कौतुकाने छापली गेली आणि ती कौतुकाची होतीही. परंतु त्याच शहरात जून २०१० मध्ये हॅकनी भागात घरात शिरलेल्या कोल्ह्याने झोपलेल्या दोन जुळ्या तान्ह्या मुलींना जखमी केले होते आणि २०१३ मध्ये ब्रॉमली येथे एका तान्ह्या बाळाचे बोट तोडले होते, जे डॉक्टरांना पुन्हा जोडावे लागले. अशा घटना अत्यंत विरळ असतात आणि कुत्रा चावण्याच्या घटनांशी त्यांची तुलनाही होऊ शकत नाही, हे मान्य करायलाच हवे. तरीही अशी एक घटना घडली की पुढचे कित्येक महिने शहाणपणाची चर्चा अशक्य होते, हाही तेथलाच अनुभव आहे.

लंडनचे उदाहरण देणारे आपल्याकडील प्राणिप्रेमी मात्र एक फरक नेमका विसरतात. ब्रिटनमधील कोल्ह्यांमध्ये रेबीज नाही. तेथे एखादी आजी परसदारी आलेल्या कोल्ह्याला रोज संध्याकाळी खाऊ घालत असेल, तर तिचा शेजारी फार तर कुरकुर करील. आपल्याकडे २०२४ मध्ये मुंबईतील कोल्ह्यांमध्ये रेबीज आढळल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर तरी खाऊ घालण्याकडे निव्वळ भूतदया म्हणून पाहणे थांबायला हवे होते.

याचे कारण केवळ चावा आणि संसर्ग एवढेच नाही. रेबीज झालेल्या वन्य प्राण्याचे एक ठळक लक्षण असे की त्याची माणसाबद्दलची स्वाभाविक भीती नाहीशी होते. तो भर दिवसा वस्तीत भटकतो, हाकलले तरी जात नाही, कधी सुस्तावलेला आणि गरीब दिसतो, कधी अकारण अंगावर धावतो. ज्या परिसरातले सर्व कोल्हे माणसाला बिचकून असतात, तेथे असा एखादा आजारी प्राणी लगेच वेगळा उठून दिसतो. लोक सावध होतात, मुलांना घरात घेतात, वनखात्याला कळवतात. परंतु ज्या रस्त्यावर निरोगी कोल्हेही खाण्याच्या आशेने माणसांच्या पायांपर्यंत येऊ लागले आहेत, तेथे कोणता कोल्हा भुकेला आहे आणि कोणता आजारी, हे मोबाइल हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला कळणार कसे? कोल्ह्याच्या भित्रेपणात आपल्याला फुकट मिळालेली धोक्याची घंटा आहे आणि बिस्किटांच्या पुड्यामागून पुडा रिता करून आपण ती बंद पाडत आहोत. प्राण्याने माणसाला घाबरावे असे म्हणणे अनेकांना कठोर वाटते. मला त्यात कठोर काही दिसत नाही. त्या भीतीमुळे कोल्हा जगतो आणि आपणही सुरक्षित राहतो.

पिंजऱ्याच्या मागणीबद्दल थोडक्यात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या सुधारणेनंतर सोनेरी कोल्हा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. तो केवळ दिसतो म्हणून त्याला पकडता येत नाही, त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश आणि कायद्यात बसणारे कारण लागते. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी अनुभव काय सांगतो? या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत जुन्नर परिसरात बिबटे मोठ्या संख्येने पकडून इतर जंगलांत सोडण्यात आले होते. ज्या भागांत ते सोडले, तेथे माणसांवरील हल्ले वाढल्याचे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे आले. बिबट्याचा आणि कोल्ह्याचा धोका सारखा नाही, हे उघड आहे. तरीही उचलून नेलेला प्राणी परक्या मुलखात शहाण्यासारखा वागेल आणि रिकामी झालेली जागा रिकामीच राहील, ही समजूत महाराष्ट्राने एकदा पुरेशी महाग किंमत देऊन तपासली आहे. शिवाय सोकावलेला कोल्हा दुसरीकडे सोडला तर तो तेथल्याही वस्तीचाच रस्ता धरील.

मग करायचे काय? उकिरड्याकडे पाहायचे. खारफुटीच्या कडेला रात्री कोंबडीच्या दुकानातली पिसे, आतडी आणि मासळीचा कचरा पोत्यांत भरून टाकला जातो, हे खाडीलगत राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. खेकड्यामागे चिखलात पळण्यापेक्षा ते पोते फाडणे कोणत्याही प्राण्याला सोपे. मांसविक्रीच्या दुकानांतील कचरा वेगळा उचलण्याची व्यवस्था कागदावर असेलही. पण ती दुकान बंद होण्याच्या वेळेला, म्हणजे रात्री उशिरा, दारात पोहोचत नसेल तर दुकानदार जवळचा अंधार शोधणारच. नवी मुंबई, पनवेल आणि मुंबई महापालिकांनी एवढी एक वेळ जुळवून आणली, तरी कोल्ह्यांच्या प्रश्नाचा मोठा भाग सुटेल असे मला वाटते. यासाठी अभयारण्य नको, निधी नको. कचऱ्याच्या गाडीची फेरी बदलायला हवी.

दुसरा मुद्दा भटक्या कुत्र्यांचा आहे आणि तो मांडताना पत्रलेखकावर दोन्ही बाजूंनी दगड येतात याची मला कल्पना आहे. खाडीच्या रस्त्यांवर जागोजागी कुत्र्यांसाठी भात आणि मांसाचे ढीग ठेवले जातात, ते कोल्हेही खातात. म्हणजे रेबीजचा मुख्य वाहक असलेला प्राणी आणि त्याचा रानातला नातलग या दोघांना आपण एकाच पंगतीला बसवतो. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार कुत्र्यांना अन्न देण्याच्या जागा आणि वेळा ठरवून द्यायच्या आहेत. त्या जागा खारफुटीच्या कडेपासून दूर, वस्तीच्या आतल्या बाजूला असाव्यात आणि उरलेले अन्न लगेच उचलले जावे, एवढे तरी गृहनिर्माण संस्थांनी पाहावे. युरोपात रेबीजचा मुख्य साठा, म्हणजे ज्या प्राण्यांत तो टिकून राहतो व पसरतो ते प्राणी, कोल्हे होते, म्हणून तेथे आमिषात लस घालून ती रानात टाकण्याचा मार्ग निघाला. स्वित्झर्लंडने १९७८ मध्ये त्याचा पहिला प्रयोग केला. आपल्याकडे साठा कुत्र्यांमध्ये आहे, तेव्हा कोल्ह्याला वाचवायचे तर लस कुत्र्याला टोचायला हवी. शेजारच्या गोव्याने सातत्याने कुत्र्यांचे लसीकरण करून २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर होण्यापर्यंत मजल मारली. खाडीलगतच्या प्रभागांपासून सुरुवात केली तर आपल्याला ते अशक्य असण्याचे कारण नाही. याच्या जोडीला, मृत सापडलेला प्रत्येक कोल्हा रेबीजच्या तपासणीसाठी पाठवला जावा आणि निष्कर्ष त्या त्या प्रभागात जाहीर व्हावा. आजार आहे की नाही हे रहिवाशांना अफवांमधून कळू नये.

रहिवाशांनी करण्याजोगे थोडेच आहे. कोल्हा दिसला तर उभे राहून मोठ्याने आवाज करावा, टाळ्या वाजवाव्यात, त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवावी. दगड मारू नये आणि काही टाकूही नये. तो हाकलूनही जात नसेल, अडखळत चालत असेल किंवा लाळ गाळत असेल तर दूर राहून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने सलग १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जावे. हळद, चुना असे काही लावत बसू नये, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपचाराचा जवळजवळ काही उपयोग होत नाही.

शेवटी एक विनंती आपल्याच दैनिकाला. कोल्ह्याची बातमी देताना सेक्टर, रस्ता आणि थांब्याच्या नावासकट नेमकी जागा छापली जाते आणि पुढच्या दोन-तीन संध्याकाळी तेथे गाड्यांची रांग लागते. त्यातल्या काही गाड्यांमध्ये बिस्किटांचे पुडे असतात. परिसराचे नाव पुरेसे आहे. वाचलेल्या जागेत वनविभागाचा क्रमांक छापावा.

आपला नम्र,
एक वाचक,
खारघर, नवी मुंबई