हर्णैला पत्र

ग्रँथम, इंग्लंड

चि. शलाकास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप पोचला. दादाचं म्हणणंही कळलं: पोरगी होमगार्डात आहे, गणपतीत बंदोबस्ताला जाते, मानधन मिळतं, मग पोलीस भरतीचा हट्ट कशाला? त्याला हे पत्र वाचून दाखव.

मी राहते त्या गावाचीच गोष्ट आहे. १९१४ साली युद्ध सुरू झालं आणि शेजारच्या बेल्टन पार्कात सैन्याची प्रचंड छावणी पडली. स्वयंसेवक बायका रस्त्यांवर गस्त घालू लागल्या, पण अटकेचा अधिकार नव्हता. १९१५ मध्ये नगरपालिकेने एडिथ स्मिथ या सुईणीला पोलीस म्हणून पगारावर घेतलं, अटकेचा अधिकारही दिला. असा अधिकार असलेली ब्रिटनमधली ती पहिलीच महिला पोलीस. गृहखातं म्हणत होतं, बाईला कॉन्स्टेबल करणं कायद्यात बसत नाही. गावाने ऐकलं नाही! कामाने मात्र तिची तब्येत खचली आणि १९१८ मध्ये तिने राजीनामा दिला.

लंडनच्या सरकारने खिसा उघडला तो स्वतःची नड पडल्यावर. दारूगोळ्याच्या कारखान्यांत मुली झुंडीने कामाला लागल्या, त्यांच्यावर देखरेख हवी, म्हणून १९१६ पासून दारूगोळा खात्याने महिला पोलिसांसाठी पैसे दिले. युद्ध सरलं, पैसेही सरले.

मग १९१९ मध्ये लंडन पोलिसांनी स्वतःची महिला गस्त उभी केली. वर्दी दिली, पगार दिला, अटकेचा अधिकार दिला नाही. १९२२ मध्ये काटकसर आली. सरकारी खर्च कापायला नेमलेल्या गेडिस समितीने सांगितलं, यांचे अधिकार तुटपुंजे, उपयोग नगण्य, बंद करा. म्हणजे आधी हात बांधायचे आणि मग काम होत नाही म्हणायचं. संसदेत नॅन्सी अ‍ॅस्टर भांडल्या म्हणून शंभरावर बायकांतल्या वीस तरी राहिल्या. त्यांना अटकेचा अधिकार मिळाला तो त्यानंतर, १९२३ मध्ये.

दादा, तुझ्या ध्यानात आलं असेल. वर्गणीवर, मानधनावर, नडीपुरत्या अनुदानावर उभी असलेली बाई पहिल्या कात्रीतच जाते. आपल्याकडे भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे. तिथे पगार आहे, पेन्शन आहे, शिवाय अधिकार आहे.

शलाका, पुळणीवरच पळू नकोस. ८०० मीटर मैदानात मोजून पळ. गोळाफेकीकडे तुझं दुर्लक्ष आहे असं वहिनी म्हणते. भरतीच्या फॉर्मचे आणि बुटांचे पैसे मी पाठवते, दादाकडे मागू नकोस.

तुझी आत्या