नागरिकत्वाचे शुल्क आणि न्यायालयाची पायरी

महोदय,

आमच्या नौपाड्यात अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांच्या नागरिकत्वाचा विषय निघाला की चर्चा शुल्कापाशीच थांबते, न्यायालयापर्यंत जात नाही. 1790च्या कायद्यानुसार तेथील स्थानिक न्यायालयांतूनही नागरिकत्व मिळत असे. अर्थात ते केवळ गोऱ्यांना, आणि 1923मध्ये पंजाबातून तेथे गेलेल्या भगतसिंग थिंद यांना त्याच अटीवर सर्वोच्च न्यायालयाने नाकारले, हे विसरता येत नाही. 1906च्या कायद्याने शुल्क ठरवून दिले व त्यातील निम्मी रक्कम, वर्षाला 3000 डॉलरच्या मर्यादेत, न्यायालयाच्या लिपिकाला ठेवू दिली. अर्जदाराचे काम अडवण्यापेक्षा उरकण्यातच लिपिकाचे हित असलेली ही व्यवस्था मला तरी व्यवहारी वाटते.

1990च्या कायद्याने नागरिकत्व देण्याचा अधिकार न्यायालयांकडून प्रशासनाकडे गेला. एप्रिल 2024पासून कागदी अर्जाला 760 डॉलर लागतात. अल्प उत्पन्न असणाऱ्यांना सवलत आहे. अर्ज नाकारला गेला, तर आधी शुल्क भरून प्रशासकीय फेरसुनावणी आणि मगच संघीय जिल्हा न्यायालय, जेथे दावा दाखल करण्यासच 405 डॉलर पडतात, वकिलाचा खर्च निराळा. मुलाखतीनंतर 120 दिवसांत निर्णय न झाल्यास मात्र थेट त्या न्यायालयात दाद मागता येते. परदेशगमनाच्या मार्गदर्शन शिबिरांत व्हिसाबरोबर ही तरतूदही सांगितली जावी, अशी विनंती आहे.

— एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे